टोकाला किती ग्रेन? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात बाणाच्या टोकाच्या वजनावर दोनच परिच्छेद लिहिले होते आणि शेवटी सहज टाकलं की काही विचारायचं असेल तर कळवा. मला वाटलं चारपाच पत्रं येतील, फोंड्यातल्या आमच्याच पोरांची. आली ती बघून बायको म्हणाली, बँकेत असताना एवढी पत्रं कधी आली नव्हती तुम्हाला. बरीचशी "भाच्यासाठी विचारतोय", "जावयासाठी विचारतेय" अशी आहेत, आणि ते साहजिक आहे, आपल्याकडे दर दुसऱ्या घरातलं कोणीतरी बाहेर आहे आणि काही देशांत धनुष्याने शिकार करायला रीतसर परवानगी असते. इथे नसते, त्यावर एका पत्राला खाली सविस्तर उत्तर दिलंय, ते वाचल्याशिवाय पुढचं पान उलटू नका. सगळ्यांना जागा देता आली नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मडगावला माझं सोन्याचं दुकान आहे. मुलगा कंपाऊंड म्हणजे कप्प्यांचं धनुष्य शिकतो आणि रोज संध्याकाळी येऊन माझ्या काट्यावर बाणाची टोकं वजन करत बसतो. गिऱ्हाईक बघत राहतं. विचारलं तर ग्रेन, ग्रेन म्हणतो. ग्रॅम असताना हा ग्रेन कशाला?

शेट, तुम्हाला तर हा ग्रेन आमच्याआधी माहीत असायला पाहिजे, तुमचा तोळा त्याच्यावरच बेतलेला आहे. १८३३ साली इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला, तोच आजचा ११.६६ ग्रॅम. म्हणजे मासा झाला बरोबर १५ ग्रेनचा आणि गुंज दोन ग्रेनला थोडी कमी. धनुष्याचं सगळं सामान अमेरिकेच्या मापाने बनतं, तिथे ७००० ग्रेनचा एक पौंड, धनुष्याची ताकद पौंडात आणि बाण ग्रेनमधे म्हणून हिशोब जुळतो. तुमच्या भाषेत सांगायचं तर १०० ग्रेनचं टोक म्हणजे साडेसहा ग्रॅमला किंचित कमी, पावणेसात माशांच्या आसपास. १२५ चं म्हणजे आठ ग्रॅम.

आणि पोरगा करतोय ते शंभर टक्के बरोबर करतोय, त्याला ओरडू नका. पाकिटावर १०० लिहिलेलं असतं पण स्वस्तातल्या डझनात एक ९७ भरतं तर एक १०४. सात ग्रेन म्हणजे अर्धा मासासुद्धा नाही, पण लांबच्या टार्गेटवर एक बाण सारखा वर-खाली का जातो याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं. मी स्वतः आमच्या बाजारातल्या शेटकडे जाऊन बाण तोलून आणतो, तो आता मला बघितलं की न विचारता मोडचं बटण दाबून ग्रेन लावतो. मुलाला एवढंच सांगा की नुसती टोकं नको, पूर्ण बनवलेला बाणही तोल, आणि प्रत्येकावर मार्करने वजन लिहून ठेव.

प्रश्न : भाचा टेक्सासला आहे, तिथे शेतात घुसणाऱ्या रानडुकरांवर धनुष्य चालवतो, परवानगी आहे म्हणतो. चवथीला घरी येतोय. त्याने फोनवर विचारलं, मामा, टोक १०० चंच ठेवू की १२५ लावू की पितळेचा इन्सर्ट घालू? मी त्याच्याच जुन्या धनुष्याने इथे फोमच्या टार्गेटवर मारतो म्हणून त्याला वाटतं मला सगळं येतं. धनुष्य ६० पौंड, बाण २८ इंची, शाफ्ट म्हणजे बाणाची दांडी ४०० स्पाइनची. (वाळपई)

परवानगीचं तो खरं सांगतोय. तिथली ती डुकरं मुळात पाळीव, सुटून रानटी झालेली, शेतीचं अतोनात नुकसान करतात, त्यामुळे खाजगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर २०१९ पासून त्यांच्यासाठी शिकारीचं लायसन्सही लागत नाही.

आता मुद्द्याचं. टोक वेगळं आणि इन्सर्ट वेगळा असा विचारच करायचा नाही. इन्सर्ट म्हणजे शाफ्टच्या पुढच्या भोकात चिकटवलेली ती छोटी आट्यांची नळी, तिच्यात टोक फिरवून बसवतात. साधा ॲल्युमिनियमचा इन्सर्ट पंधराएक ग्रेनचा असतो, पितळेचा ५०, ७५, १०० असा मिळतो. बाणाला काय, पितळ पुढे आहे की पोलाद पुढे आहे त्याचं देणंघेणं नाही, पुढच्या दोन इंचात एकूण किती भार बसलाय तेवढंच त्याला कळतं. तर मी कागदावर मांडून बघितलं. शाफ्ट इंचाला ८ ग्रेन धरला तर २२४, नॉक (मागची, दोरीत अडकणारी खाच) आणि पिसं मिळून ३०, साधा इन्सर्ट १५, टोक १००, झाले ३६९ ग्रेन. टोक १२५ केलं तर ३९४. १२५ च्या टोकामागे ५० चा पितळी इन्सर्ट घातला तर ४२९.

याच्याबरोबर दुसरी गोष्ट बदलते ती तोल. बाण सुरीच्या पाठीवर आडवा ठेवा, जिथे तोलून राहील तिथे खूण करा, नॉकच्या खाचेपासून ती खूण किती इंचांवर आहे मोजा, त्यातून बाणाची अर्धी लांबी वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा आणि १०० ने गुणा. याला एफओसी म्हणतात, म्हणजे तोल मधापासून किती टक्के पुढे सरकलाय. शिकारीच्या बाणाला १० ते १५ टक्के चांगले असं साधारण मानतात. वरच्या तीन जोडण्यांचा हिशोब केला तर साडेबारा, पंधरा आणि अठराच्या जवळ येतो. पुढे भार असला की मागच्या पिसांना बाण सरळ करायला लांब दांडा मिळतो, वाऱ्यात आणि घुसतानाही तो आपल्या रेषेत राहतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. समजा ३६९ चा बाण सेकंदाला २६० फुटांनी सुटत होता, तर ४२९ चा २४३ च्या आसपास येईल. ऊर्जा काढली तर दोन्हींची ५५-५६ फूट-पौंड, म्हणजे जवळपास तेवढीच. संवेग (वजन गुणिले वेग) मात्र ०.४३ वरून ०.४६ वर जातो, आठेक टक्के जास्त, आणि जाड कातडीत, खांद्याच्या चिवट ढालीत शिरायला तोच उपयोगी. उलट बाजूला २० यार्डाला साईट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, लावून घेतली तर ४० यार्डावर हा जड बाण तीनेक इंच जास्त खाली जाईल. डुकरावर कोण शहाणा ४० यार्डावरून मारतो, पण तो विचारेल म्हणून सांगून ठेवलं.

आता खरी गोम. त्याचा शाफ्ट ४०० स्पाइनचा. स्पाइन म्हणजे २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट ठेवून मधोमध ८८० ग्रॅमचं वजन टांगलं की तो किती वाकतो, ४०० म्हणजे ०.४०० इंच, एक सेंटीमीटर धरा. हा आकडा जेवढा लहान तेवढा शाफ्ट ताठ. पण ही झाली टेबलावरची गोष्ट. धनुष्यातून सुटताना बाणाला मागून लाथ बसते आणि पुढचा भार जागचा हलायला तयार नसतो, मधल्यामधे शाफ्ट वाकतो. बांबू खांद्यावर घेऊन टोकाला एक नारळ अडकवला आणि झपकन चालायला लागलात तर किती हलतो, आणि चार नारळांची पेंड अडकवली तर किती, तसं. बांबू तोच, पण तुम्हाला वाटतं मऊ झाला. टोकाला भार वाढवला की ४०० चा शाफ्ट ४०० सारखा वागत नाही.

म्हणून भाच्याला सांगा, आहेत त्या शाफ्टवर १२५ लाव, पहिल्यांदा तेवढंच, बहुतेक चालून जाईल. पितळ घालायचंच असेल तर ३४० चा शाफ्ट घे, तो थोडा जडही असतो, एकूण ४५० च्या पुढे जाशील आणि ६० पौंडाच्या धनुष्याला ते छान आहे. पण काहीही बदललंस तरी एक बाण पिसं न लावता कागदातून मारून बघ, भोक गोल आलं पाहिजे, शेपटी फाटलेली नको. माझं मत विचाराल तर बाण सरळ सुटत नसेल तर १२५ काय आणि २०० काय, ते जड टोक आडवं पडून धडकणार. चवथीला आला की माटोळी बांधून झाल्यावर त्याला आमच्याकडे घेऊन या, कागद आणि चौकट माझ्याकडे आहे.

प्रश्न : फोममधून बाण ओढला की शाफ्ट हातात येतो आणि टोक इन्सर्टसकट आत राहतं. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा झालं. इन्सर्ट खराब आहेत की काय? (कुर्टी, फोंडा)

इन्सर्टचा दोष क्वचित असतो हो, शंभरात नव्वद वेळा चिकटवणाऱ्याचा. माझे दोन किस्से सांगतो, दोन्हींत मीच गाढव ठरलोय.

पहिला मे महिन्यातला. गाडी उन्हात उभी, क्विव्हर म्हणजे बाणांचा भाता मागच्या काचेखाली. इन्सर्ट हॉट मेल्टने म्हणजे गरम करून लावायच्या कांडीने बसवलेले. दुपारी रेंजवर गेलो, पहिलाच बाण मारला, ओढला, नुसती नळी हातात. दुसरा, तोच प्रकार. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको, कांडी मऊ झाली होती बस. हॉट मेल्ट वाईट नाही, इन्सर्ट काढून परत बसवता येतो ही सोय त्यातच आहे, पण ज्याचे बाण गाडीत राहतात त्याने दोन भागांचा इपॉक्सी वापरावा आणि पूर्ण चोवीस तास हात लावू नये.

दुसरा जुलैमधला. शहाणा होऊन इपॉक्सी आणला, रात्री निवांत बसून सहा बाण केले, भिंतीला उभे करून झोपलो. सकाळी बघतो तर सहाच्या सहा इन्सर्ट बाहेर आलेले, बिळातून उंदराने नाक काढावं तसे. विचार करून डोकं फुटायची वेळ आली. मग लक्षात आलं, मागे नॉक लावलेले होते. इन्सर्ट आत ढकलला की शाफ्टमधली हवा कोंडते, तिला बाहेर जायला वाट नाही, ओला इपॉक्सी घट्ट होईपर्यंत ती हळूहळू इन्सर्टला परत ढकलत राहते. तेव्हापासून मी आधी नॉक काढतो, मग इपॉक्सीच्या नळीला हात लावतो.

आता तुमच्यासाठी पद्धत. कार्बनचा शाफ्ट कापलेला असेल तर आत काळी भुकटी असते, ती राहिली तर गोंद भुकटीला चिकटतो, शाफ्टला नाही. कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे बुडवून आत फिरवा, काळी निघाली की दुसरी घ्या, पांढरी निघेपर्यंत. मला एका शाफ्टला चार काड्या लागतात. इन्सर्टवर कारखान्यातला तेलकट हात असतो, तोही त्याच अल्कोहोलने पुसा आणि बारीक सँडपेपरने अंगावर ओरखडे काढा. पावसाळ्यात पुसल्यावर लगेच चिकटवू नका, दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा, आपल्या हवेत सगळंच दमट. गोंद इन्सर्टला लावा, गोल फिरवत आत घाला म्हणजे सगळीकडे पसरतो, बाहेर आलेला पुसून टाका.

त्याच्याही आधी एक काम आहे आणि ते सगळे टाळतात. शाफ्टचं कापलेलं तोंड काटकोनात हवं. त्या तोंडाच्या कडेला मार्करने रंग लावा, स्क्वेअर करायच्या साध्या ठोकळ्यावर टेकवून फिरवा, रंग सगळीकडून सारखा गेला तर सरळ आहे, एकाच बाजूचा गेला तर वाकडं आहे, पूर्ण जाईपर्यंत घासा. वाकड्या तोंडावर इन्सर्टची कड एका बाजूने टेकते, टोक केसभर कललेलं बसतं आणि मग तुम्ही साईट हलवत बसता. टोक लावून बाण तळहातावर उभा धरून भिंगरीसारखा फिरवा, हाताला थरथर लागली तर काहीतरी वाकडं आहे.

कार्बन कापायला हॅकसॉ नको, तंतू फाटतात. वेगात फिरणारी घासचकती पाहिजे, आणि तोंडाला मास्क, ती भुकटी फुप्फुसात जायला नको. जुना इन्सर्ट काढताना शाफ्टला ज्योत लावू नका, आतलं राळ जळून शाफ्ट कामातून जातो. हॉट मेल्ट असेल तर चहाला ठेवतो तेवढ्या गरम पाण्यात टोक बुडवा, पक्कडने ओढा, येतं.

आणि ओढताना? बाण तापलेल्या फोमला चिकटतो. शाफ्टच्या पुढच्या वीतभर भागावर अंगाचा साबण सुकाच घासा, मग फिरवत सरळ मागे ओढा, वर-खाली हिसके नकोत. आता फोममधे राहिलेली ती तीन टोकं आधी काढा बरं, नाहीतर पुढचा बाण नेमका त्यांच्यावरच जाणार.

प्रश्न : बारीक ४ मिमीच्या शाफ्टला दुकानदार आउटसर्ट घ्या म्हणतो. घ्यावा का? (पर्वरी)

घ्यावाच लागेल, पर्याय थोडे आहेत. ४ मिमी हे शाफ्टच्या आतल्या भोकाचं माप, आणि स्क्रू करायच्या टोकांची प्रमाण आटी एवढ्या बारीक भोकात मावत नाही, त्यामुळे अर्धं आत अर्धं बाहेर, किंवा शाफ्टवरून टोपीसारखं बसणारं असं काहीतरी लागतं. त्याची आटी शाफ्टच्या पुढे हवेत येते, म्हणजे दगडावर बाण गेला की तिथेच वाकतं. ॲल्युमिनियमचा घेऊ नका, स्टीलचा किंवा टायटॅनियमचा घ्या. ५ मिमीचा शाफ्ट घेतला तर इन्सर्ट पूर्ण आत जातो आणि ही कटकटच राहत नाही. फोमवरच मारायचं असेल तर मी नेहमीचा ६ मिमीवालाच सुचवीन, त्याचे इन्सर्ट सगळीकडे मिळतात, स्वस्त आहेत, हरवले तर जीव जळत नाही.

प्रश्न : सर, यूट्यूबवर सगळे म्हणतात बाण ६५० ग्रेनचा पाहिजे. माझं ४५ पौंडाचं रिकर्व्ह (कप्प्या नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे, शाफ्ट ६०० स्पाइन, २९ इंच. ३०० ग्रेनचं टोक मागवू का? (साखळी, वय १९)

नको. आता का ते सांगतो, तुला तू म्हणतो, रागावू नकोस.

हा ६५० चा आकडा आला डॉ. एड ॲश्बी यांच्याकडून. त्यांनी आफ्रिकेत वर्षानुवर्षं खऱ्या जनावरांवर बाणांच्या चाचण्या केल्या आणि त्यांना दिसलं की साधारण ६५० ग्रेनच्या पुढे गेलं की मोठ्या जनावरांचं जाड हाड फुटण्याची खात्री एकदम वाढते. एवढंच. त्यांनी घुसण्याच्या कारणांची जी क्रमवार यादी केली तिच्यात पहिला नंबर बाण मोडता-वाकता कामा नये याचा, दुसरा तो सरळ उडण्याचा, मग पुढच्या भाराचा, आणि वजन आणखी खाली. व्हिडिओवाले खालच्या ओळीपासून सुरू करतात कारण वजन विकता येतं, सरळ घासलेलं शाफ्टचं तोंड विकता येत नाही.

तुझा हिशोब कर. ६५० ला ४५ ने भाग, पौंडाला साडेचौदा ग्रेन झाले. पारंपरिक धनुष्याला पौंडामागे ८ ते १० पुष्कळ, म्हणजे तुझा बाण ३६० ते ४५० मधे आला पाहिजे. ६०० च्या शाफ्टवर ३०० चं टोक लावलंस तर तो सुटताना शेवग्याच्या शेंगेसारखा लवलवेल, आणि तुझा फोमचा कोल्हा काही हाड घेऊन उभा नाहीये. १२५ लाव, फार तर १४५, आणि उरलेल्या पैशात चांगली ग्लोव्ह घे.

एक गोष्ट मात्र रोज कर, विसरू नकोस. मारण्याआधी प्रत्येक कार्बनचा बाण दोन्ही हातांनी धरून थोडा वाकव, फिरवून परत वाकव, कानाजवळ धर. कडकड ऐकू आली, चीर दिसली, तर तो बाण तिथेच मोडून टाक. चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या सुया धनुष्य धरलेल्या हातातून आरपार जातात. मी एकाचा हात बघितलाय.

प्रश्न : सत्तरीत आमचं कुळागर आहे. रानडुकरं पोफळीची रोपं उकरून टाकतात, केळींचा सत्यानाश करतात. तुमचा लेख वाचून ६० पौंडाचं धनुष्य घ्यायचं ठरवलंय. डुकरासाठी टोक कुठलं, किती ग्रेन?

या प्रश्नाला ग्रेनमधे उत्तर देणार नाही. तुमचं दुःख मला समजतं, आमच्या रेंजच्या कुंपणापलीकडेही कुळागर आहे, सकाळी गेलं की अळवाचं बन नांगरल्यासारखं झालेलं असतं, त्या माणसाचा चेहरा बघवत नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, फासा लावणं, आमिष टाकणं, पाठलाग करणं, प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं. स्वतःच्या जमिनीत असलात तरी. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबद्दल काही करायचं तर मुख्य वन्यजीव वॉर्डनचा लेखी आदेश लागतो, तो आपण आपल्याला द्यायचा नसतो. भाचा टेक्सासमधे करतो ते मामा सत्तरीत करू शकत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक सांगतो. बाण लागलेलं डुक्कर सिनेमासारखं तिथल्या तिथे पडत नाही. ते पळतं, झुडपात जाऊन बसतं, आणि सकाळी तिथून कोण जाणार? पोफळं वेचायला येणारी बाई. तुम्ही नुकसान झालं की उशीर न करता वन खात्याला कळवा, पंचनामा करून घ्या, फोटो तारखेसह ठेवा, आणि सौर कुंपणाच्या मदतीबद्दल कृषी खात्याच्या तुमच्या विभागीय कार्यालयात विचारा. धनुष्य हौसेने शिकायचं असेल तर या, फोमचं डुक्कर आमच्याकडे आहे, त्याच्यावर मनातला सगळा राग काढा.

प्रश्न : मुलगी कंपाऊंड मारते. हंटिंगचे शाफ्ट आणि स्क्रूची टोकं स्पर्धेच्या सामानापेक्षा बरीच स्वस्त आहेत. चालतील का? (म्हापसा)

सुरुवातीला अगदी चालतील. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात शाफ्टची जाडी ९.३ मिमीच्या आत पाहिजे, हंटिंगचे नेहमीचे शाफ्ट बाहेरून साडेसात मिमीच्या आसपास असतात. पातीवालं टोक सोडून बाकी साधं गोल टोक चालतं. बाणांवर एकसारखी पिसं, एकसारखे नॉक आणि तिची खूण एवढं बघा. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मधे बर्लिनला कंपाऊंडचे जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्या रेंजवर मुलींची संख्या वाढलीय, आणि २०२८ च्या ऑलिम्पिकमधे कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा आल्यामुळे आई-वडीलही आता विचारायला लागलेत. राज्य पातळीपर्यंत सामानावर खर्च करू नका, सरावाला नेण्या-आणण्याच्या पेट्रोलवर करा.

प्रश्न : जावई न्यूझीलंडला, तिथे हरणांच्या शिकारीला जातो. साध्या टोकाने सगळे बाण मधोमध, पण पातीवालं ब्रॉडहेड लावलं की तीनचार इंच उजवीकडे जातात. दोन्ही १०० ग्रेनचीच आहेत, मग असं का? (डिचोली, विचारणाऱ्या सासूबाई)

वजन सारखं असलं म्हणजे चाल सारखी होत नाही, काकी. साधं टोक गुळगुळीत असतं, बाण थोडा तिरका सुटला तरी मागची पिसं त्याला सांभाळून घेतात. पात्यांचं टोक म्हणजे पुढेही पिसं लावल्यासारखं, होडीला दोन्ही बाजूंनी सुकाणू. बाण तिरका सुटला की पुढचं सुकाणू त्याला तिकडेच नेतं. म्हणजे दोष ब्रॉडहेडचा नाही, त्याने फक्त लपलेला दोष दाखवला.

जावईबापूंना सांगा, आधी बाण फिरवून बघा, टोक डुगडुगतं का, इन्सर्ट वाकडा बसलाय का. तो ठीक असेल तर साईटला हात लावू नका, धनुष्यावरची बाण टेकवायची रेस्ट डावीकडे सरकवा, ब्रॉडहेडला जिकडे न्यायचंय तिकडे. सरकवायची म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, एक मिलीमीटरसुद्धा नाही. तीन साधे, तीन पातीवाले, असे मारत दोन्ही एकाच ठिकाणी यायला लागले की मग साईट हलवायची. लोक उलटं करतात, आधी साईट फिरवतात आणि मग पुढचे सहा महिने दोन प्रकारच्या टोकांसाठी दोन खुणा घेऊन फिरतात. उडताना मिटलेली राहणारी आणि लागल्यावर उघडणारी पाती घेतली तर हा त्रास कमी होतो, पण ती उघडायला बाणाची थोडी ताकद खर्च होते, आणि त्यांचा आणखी एक हलणारा भाग बिघडायला तयार असतो. मला विचाराल तर न हलणारी पाती आणि नीट लावलेली रेस्ट.

प्रश्न : मुलगा सुट्टीला येताना धनुष्य घेऊन येतो म्हणतो. विमानात चालतं का? (पेडणे)

हातातल्या बॅगेत अजिबात नाही. चेक-इनच्या सामानात, कडक पेटीत, एअरलाईनला आधी कळवून. टोकं शाफ्टवरून काढून वेगळ्या डब्यात ठेवायला सांगा, धक्क्याने पेटीच्या आत शाफ्ट चिरतात, आणि घरी पोचल्यावर प्रत्येक बाण वर साखळीच्या मुलाला सांगितलं तसा वाकवून बघा. पातीवाली टोकं मात्र त्याने तिथेच ठेवून यावं, मोपाला उतरल्यावर ती कशासाठी आणलीत याचं उत्तर द्यायला त्याच्याकडे काही नाही.